कांदा घातलेला उपवास

एडिनबरा

तीर्थस्वरूप अनुराधाआत्यास,

बेकरीतल्या पिठाने माखलेल्या हातांनी प्रणवचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? लंडनकडच्या त्या स्लाऊच्या थंडीला तो शिव्या देतो, की अजून तूच देतेस? मी बरा आहे. कॉलेज सोडल्यापासून जास्तच बरा आहे (हे बाबांना सांगू नकोस. थांब, सांग. नको, राहू दे).

आता जरा टेकून बस, कारण मी चर्चला जायला लागलोय. घाबरू नकोस, देव्हाऱ्यातला तू दिलेला गणपती जागेवरच आहे. झालं असं, की आमच्या बेकरीत नगरची एक नर्स पाव घ्यायला यायची. शाल्मली. तिच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती, आणि मराठी अशी, की मी पावाची पिशवी द्यायची सोडून तिला बोलतं ठेवायचो. एकदा म्हणाली, ‘बुधवारी आमच्या एपिस्कोपल चर्चमध्ये मोठ्या माणसांचा बायबलचा अभ्यासवर्ग असतो. येतोस का?’ ज्या मुलाने प्रोफेसरशी भांडून वर्ग सोडला, तो इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा वर्गात जाऊन बसला. प्रेम माणसाला कुठे नेऊन बसवेल सांगता येत नाही.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये खुर्च्या गोलात मांडतात. रेव्हरंड मॉरीनबाई (यांच्यात बायकाही धर्मगुरू होतात, तू यांच्यात जन्मली असतीस तर आज बिशप असतीस) एक उतारा वाचतात. मग सगळे गप्प बसतात. मग ज्याच्या मनात जे राहिलं ते त्याने सांगायचं, आणि नियम असा की दुसऱ्याचं बोलणं खोडून काढायचं नाही. मला, आत्या, मला! पहिल्या बुधवारी जीभ इतकी चावली की सूप पिता येईना. पण त्या शांततेत मला काय आठवलं असेल? तुझी गुरुवारची पोथी. सोफा भिंतीला सरकवलेला, सुहासिनीकाकू डुलक्या घेतायत, आणि तू मध्येच थांबून विचारतेस, ‘आता हे आपल्या घरात कसं लागू होतं, बोला!’ बायका बोलायच्या, रडायच्या, सुनांच्या तक्रारी करायच्या, आणि मी जिन्यावर बसून खिचडीच्या वासाची भक्ती करायचो. मला वाटायचं पोथी ही खिचडीची प्रस्तावना आहे. तिथे खरं काय चाललं होतं ते आत्ता कळतंय.

सध्या लेंट आहे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस. वर्गानंतर साधंसं सूप आणि पाव खातात, आणि जेवण पाळीपाळीने आणतात. माझी पाळी आली. उपवास म्हटल्यावर मी काय करणार? साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचा भात, राजगिऱ्याचे लाडू. तूप हात सैल सोडून. ॲलस्टर नावाचे एक म्हातारे आजोबा आहेत. ते टेबलाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘लॅडी (म्हणजे पोरा), उपवासाला तुम्ही हे खाता, तर सणाला काय खाता?’ हॉलभर हशा. झालं, माझं डोकं सटकलं. म्हटलं, ‘आणि तुमच्या सूपमध्ये कांदा असतो! कांदा! आमच्या घरी उपवासाला कांदा घातला तर आत्या उंबऱ्याबाहेर काढेल!’ कांद्यात काय पाप आहे हे कोणालाच कळेना, आणि खरं सांगू, मलाही सांगता येईना. मग मी रागाने ताडताड बाहेर पडलो आणि धाडकन दार लावून घेतलं. दार कॉयरचे, म्हणजे चर्चमध्ये गाणाऱ्यांचे, झगे ठेवायच्या खोलीचं निघालं.

आता परत बाहेर कसं यायचं? झग्यांमध्ये उभा राहिलो. बाहेर चमचे वाजत होते. थोड्या वेळाने दाराशी कोणीतरी दोनदा खाकरलं आणि बशी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. ‘गार होतेय हो,’ ॲलस्टर म्हणाले, आणि गेले.

आत्या, लहानपणी मी रुसून खोलीत कोंडून घ्यायचो तेव्हा बाबा एक शब्द बोलायचे नाहीत. दाराबाहेर ताटली ठेवायचे, दोनदा खाकरायचे आणि जिना उतरायचे. मी झग्यात तोंड खुपसून रडलो (झगा धुऊन दिला आहे). मग बाहेर आलो, तर खिचडी संपलेली. माझ्या बशीतली तेवढी उरली होती.

तुझाच,
प्रणव

ता. क. शाल्मलीची शिफ्ट बदलली. तिसऱ्या बुधवारपासून ती येतच नाही, खिचडीही तिने पाहिली नाही. मी मात्र जातो. कोणाला सांगू नकोस, प्रेमवीर म्हणून माझी जी काही अब्रू आहे ती जाईल.

ता. ता. क. खरं काम हे. कॉलेज सोडलं त्या दिवशी ‘या घरात पाऊल ठेवणार नाही’ असं मी बाबांना ओरडून सांगितलं, तेव्हापासून ते फोनवर येत नाहीत. पाडव्याला यावंसं वाटतंय. म्हणून हे पत्र मोठ्याने वाच, पोथी वाचतेस तसं, बाबा पलीकडच्या खोलीत असताना, दार उघडं ठेवून. ते काही बोलणार नाहीत. बोलू देऊही नकोस. फक्त कान दे. एकदा खाकरले तर ती थंडी समज. दोनदा खाकरले तर मला कळव, मी निघतो.