हिरवी पट्टी आणि वगळलेल्या गायी

३ नोव्हें., सोम.
दूध संघात आज पेढे. जनावरांच्या सगळ्या नोंदी (बिल्ला, मालक, रेतन करून कधी भरवली, कोणती लस) जुन्या सर्व्हरवरून नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या म्हणून. साहेबांनी (इथून पुढे सा.; पूर्ण लिहायचा कंटाळा येतो) पडदा लावून संचालकांना दाखवले. वरपासून खालपर्यंत हिरवे. कम्प्लिटेड, कम्प्लिटेड. एकाने टाळ्याच वाजवल्या.
दाखवण्याआधी पुण्याच्या कंपनीच्या रोहनने फिल्टर लावला होता: फक्त 'कम्प्लिटेड'. पास झालेल्या पोरांनाच उभे करायचे आणि शाळेचा निकाल शंभर टक्के म्हणून सांगायचे, त्यातला प्रकार.
पेढा मीही खाल्ला. चांगला होता.

४ नोव्हें., मंगळ.
फिल्टर काढून सगळे जॉब (नोंदी हलवायची एकेक खेप) पाहिले. 'फेल्ड' थोडेच आहेत. त्यांची भीती नाही. ते लाल आहेत, ओरडतात. घाण हिरव्यात आहे. 'कम्प्लिटेड' म्हणजे जॉब शेवटपर्यंत धावला, एवढेच. वाटेत काय सांडले ते आत उघडून बघावे लागते. नेवासा भागाचा जॉब उघडला. आत 'स्किप्ड', पानेच्या पाने.
रोहन म्हणाला, "मॅम, स्किप्ड म्हणजे एरर नाही. सिस्टिमने डिसिजन घेतलाय."
सिस्टिमने. याने नाही.

५ नोव्हें., बुध.
कारण सापडले. घोडेगावचा बाजार. तिथे गाय विकली की दावे सुटते, कानातला बिल्ला तसाच पुढे जातो. जुना मालक नाव काढायला येत नाही, नवा त्याच बिल्ल्यावर आपले नाव लावून घेतो. आम्हीच लावून देतो. जुने सॉफ्टवेअर दोन्ही नावे मुकाट्याने सांभाळायचे. नव्याला एका बिल्ल्याचे दोन मालक चालत नाहीत, म्हणून ते दोघांनाही वगळते. गाईसकट.
सा.ना सांगितले. "बाजारातल्याच गायी ना? मग जाऊ द्या की. बाकीच्या आल्या ना?"
हा माणूस दूध संघ चालवतो. चष्मा पुसत बसला होता. म्हटले, कितीही पुसा. (मनात. तोंडाने "बरं, सर".)

७ नोव्हें., शुक्र.
सकाळी नेवाशाकडच्या मंदाबाईंचा फोन. गाय माजावर आल्यासारखी करतेय, आमचे नवे डॉक्टर भरवायला गोठ्यात हजर. टॅबवर नोंद नाही, म्हणजे गाय मोकळी, असा त्यांचा हिशेब.
"ताई, इकनारा म्हनला व्हता, गाभन हाय. पर बाजारातल्या मानसाचं काय खरं धरायचं? तुमच्या जुन्या मशिनीत बगा की. हा बाबा हातमोजा घालून उबा हाय."
"आधी थांबवा त्यांना."
"ओ डाक्टर, थांबा! हापिसातल्या ताई बगत्यात!"
जुन्या सर्व्हरवर बिल्ला टाकला. जुन्या मालकाच्या नावाखाली भरवल्याची तारीख, खाली तपासणी: गाभण. सांगितले. पलीकडे मंदाबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "तुमच्या पाटीवर नसंल, पर पोटात हाय म्हनं!"
गाभण गाय पुन्हा भरवली तर गाभ पडायची भीती. हे डॉक्टरला मी सांगायचे? हात घालून तपासले असते तर कळले असते. पण हातात टॅब होता.
फोन ठेवून हसले. मग जरा वेळाने हसू गेले. मंदाबाईंनी फोन केला. ज्या करणार नाहीत त्यांच्या गायी...

८ नोव्हें., शनि.
सा.नी कागद पुढे सरकवला. 'स्थलांतर पूर्ण. जुना सर्व्हर काढण्यास हरकत नाही.' सही माझी, संगणक विभाग म्हणून. सोमवारी टेम्पो येणार, सर्व्हर भंगारात. त्या खोलीत संचालकांसाठी एसी आणि सोफे.
म्हटले, वगळलेल्या गायींच्या मालकांना विचारून नावे जुळवू, मग काढा. मंदाबाईंचे सांगितले.
"वाचली ना गाय? मग? तुम्हाला ना मॅडम, हिरव्यातही लालच दिसतं."
रोहन हसला. त्याला हसायचाच पगार मिळतो बहुतेक.

९ नोव्हें., रवि.
चर्चमध्ये लक्ष लागेना. प्रभूच्या प्रार्थनेत इतरांना क्षमा करण्याच्या ओळीशी आले आणि सा.चा चष्मा डोळ्यांपुढे.
मला गायींची काळजी आहे, की सा. तोंडावर आपटलेले बघायचेत? दोन्ही. किती कशाचे, सांगता येत नाही. शुक्रवारी फोन ठेवल्यावर पहिला विचार मंदाबाईंचा नव्हता. 'आता सापडले सा.' असा होता. म्हणून सही नाकारणे चूक ठरते का? ठरू नये. पण स्वतःला हे पटवायला फार वेळ लागला नाही, तेच खटकते.

१० नोव्हें., सोम.
सही केली नाही. कागदाखाली लिहिले: वगळलेल्या नोंदी जुळेपर्यंत सर्व्हर काढण्यास माझी हरकत आहे.
"हे खोडा."
"नाही, सर."
"मग रोहनची सही घेतो." रोहनने खिसे चाचपले. पेन नव्हते त्याच्याकडे. माझे मागितले. दिले नाही.
वगळलेल्या नोंदींचा जॉब पुन्हा लावला आहे. एकेका मालकाला फोन, खात्री झाली की नोंद पुढे. मध्ये थांबवावा लागतो; स्टेटस 'पॉज्ड', रंग पिवळा. चालू जॉबच्या मधे सर्व्हर काढला तर पडद्यावर लाल उमटेल, तेवढे सा.ना कळते. दारात येऊन विचारतात, "झालं का हिरवं?"
खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. रोहन पेन आणायला गेलाय.
पुढच्या मालकाला फोन लावला आहे. रिंग जातेय.