आपल्या माहेरचे 'बघू'

आदरणीय ताईंच्या सेवेशी,

सविनय नमस्कार. आपल्या गुडघ्याचे दुखणे आता कितपत आहे, आणि जिने न चढण्याचे डॉक्टरांनी घातलेले पथ्य आपण कितपत मोडत आहात, ते कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. निदान विचारणाऱ्यांना मी तसे सांगतो.

आपली धाकटी बहीण मला संसारात एकटे ठेवून गेल्यावर आपण मला सांगितले होते, की निर्णय चुकले तर चुकू द्यावेत, देवावर विश्वास ठेवावा, तो वाट दाखवतो. हा उपदेश मी निष्ठेने पाळत आहे. पैकी निर्णय चुकण्याचा भाग संपूर्ण यशस्वी झाला आहे. उरलेल्या भागाची वाट पाहून मात्र थकलो, म्हणून हे पत्र. अडचण अशी, की आमच्या घरात देवाशी बोलण्याचे खाते तिच्याकडे होते. सकाळी गॅसजवळ उभी राहून ती त्याच्याशी काहीबाही पुटपुटत असे आणि चहाबरोबर मला निकाल कळत असे. आता मी स्वतः विचारतो, तर पलीकडून चकार शब्द नाही. (महाविद्यालयात व्याकरण शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाची प्रार्थना फार लांबत असावी, आणि मुख्य क्रियापद येईपर्यंत ऐकणाऱ्याचा धीर सुटत असावा.)

माझ्या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच शब्द आहे, आणि तो, क्षमा असावी, आपल्या माहेरचा आहे. आपल्या मातोश्री, आपण आणि आपली बहीण जेव्हा 'बघू' म्हणता, तेव्हा त्याचा अर्थ 'मुळीच नाही' असा असतो. लग्नानंतर हे उमगायला मला वेळ लागला (नव्या रेडिओची वाट मी कित्येक वर्षे पाहिली), पण पुढे मीही तीच भाषा बोलू लागलो. इतकी, की उंबऱ्याबाहेर 'बघू' म्हणजे 'बहुधा हो' असते, याचा साफ विसर पडला. बाहेरच्या जगाशी तीच बोलत असल्यामुळे ती असेपर्यंत निभावले.

पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या घरदलालाने विचारले, की मागची खोली भाड्याने देता का. मी निःसंदिग्धपणे 'बघू' म्हणालो. त्याच आठवड्यात तो भाडेकरू आणि त्याची वळकटी घेऊन दारात उभा. भाडेकरू बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. स्वभावाने अत्यंत गरीब आहे. सराव केला तर चालेल का, असे रोज अदबीने विचारतो. मी रोज 'बघू' म्हणतो. तो रोज वाजवतो.

त्यानंतर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठले. "काय हो सर, असं एकटं किती दिवस काढणार? माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, मुख्याध्यापिका होत्या, आता घरीच असतात. बघू या का?" मी घाबरलो आणि आवाज चढवून, दोनदा, 'बघू, बघू' म्हणालो. अशा प्रसंगी हे क्रियापद लोक कोणत्या अर्थाने वापरतात, हे व्याकरणाच्या प्राध्यापकाला सुचू नये! रविवारी काकू बाईंना घेऊन हजर. मी दार उघडले तेव्हा हातात भांडी घासायची घासणी होती, आणि आत भाडेकरूने नेमकी लग्नाची धून धरली होती.

काकू साखर आणण्याच्या मिषाने सटकल्या. (साखरेचा डबा त्यांच्यासमोरच होता.) मी कप खाली ठेवून म्हणालो, "बाई, मोठा गैरसमज झाला आहे. मी फक्त 'बघू' म्हणालो होतो."

बाईंनीही कप खाली ठेवला. "अहो, मग मीही 'बघू'च म्हणाले होते! आमच्या घरी बघू म्हणजे नाही."

"आमच्याही."

"म्हणजे तुम्ही नकार दिला होतात?"

"साफ."

"मीही साफ!" आणि त्या जोरात हसल्या.

ताई, मीही हसलो. ती गेल्यापासून प्रथमच. हसता हसता मध्येच डोळे भरून आले, तेव्हा बाईंनी खिडकीकडे तोंड केले, आणि माझा चष्मा पुसून होईपर्यंत तो ट्रम्पेट कुठे कुठे बेसूर आहे, हे तपशीलवार सांगत राहिल्या.

याला देवाने दाखवलेली वाट म्हणावे, की माझ्या घोटाळ्याची त्याने केलेली सारवासारव, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. विचारपूर्वक घेतलेल्या एकाही निर्णयाने मला त्या दिवशी हसवले नसते, एवढेच कळते.

आपल्या धाकट्या बहिणीचे यजमान

ता. क. : येत्या रविवारी बागेत फिरायला येणार का, असे बाईंनी विचारले आहे. मी देवाला विचारले. तो गप्प आहे. आपण तिची मोठी बहीण. आपल्याला खटकणार असेल तर मी जाणार नाही. हो की नाही, ते स्पष्ट लिहावे. कृपया 'बघू' लिहू नये.

आणखी ता. क. : आपण तिचे शिवणयंत्र मागितले होते आणि मी 'बघू' असे कळवले होते. अर्थ आपल्याला सांगायला नको. राग नसावा. सुईत तिने ओवलेला दोरा अजून तसाच आहे.

शेवटचा ता. क. : इस्पितळात मी तिला विचारले होते, की तुझ्यामागे माझे निभेल का. ती म्हणाली, 'बघू.' इतके दिवस मी आपल्या माहेरचा अर्थ धरून बसलो होतो. काल भांडी घासताना लक्षात आले, की हे रूप प्रथमपुरुषी अनेकवचन आहे. एकटीपुरते असते, तर ती 'बघीन' म्हणाली असती. त्या अनेकवचनात मी असणारच. पण सकाळी गॅसजवळ ती ज्याच्याशी पुटपुटत असे, तोही असावा.