मधल्या रेषेपलीकडे

येशू, मरिया, योसेफ

सेंट वॉलबर्गा कॉलेज, स्वयंपाकघराच्या मागची खोली
सोमवार, ३ एप्रिल १९८९

प्रिय लिओना,

ईस्टरच्या उशिरा पण मनापासून शुभेच्छा. हे अक्षर बघून घाबरू नकोस. शुक्रवारी मनगटाचं प्लास्टर काढलं आणि हात अजून दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा वागतोय. शाळेतल्या सिस्टर प्लॅसिडा असत्या तर ही तिरकी ओळ बघून त्यांनी पट्टी उगारलीच असती. पानाच्या माथ्यावर तीन पवित्र नावं मात्र मी अजून लिहिते. तू लिहितेस का गं? की ती सवय तुझी सुटली?

इकडे नदी फुगली आहे. बर्फ गेलं, चिखल राहिला. मुली सुट्टीवरून परतल्या त्या बुटांनी अर्धं शेत घेऊनच. ईस्टरचं हॅम उरलं होतं, त्याच्या हाडांवर मी आईसारखं घेवड्याचं सूप केलं. दोन पातेली फस्त झाली. आईच्या सुपाला असायची ती चव काही येत नाही. तुझ्या हाताला येते, हे मी आजवर तुला सांगितलं नसेल, तर आज सांगते.

जेनेलला माझ्याकडे पाठवलंस, त्याबद्दल काय लिहू? एका हाताने केस विंचरता येत नाहीत हे मला या महिन्याभरात कळलं. ती रोज सकाळी माझी वेणी घालायची, अगदी घट्ट, तू घालायचीस तशी. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी उठायच्या आत ती स्वयंपाकघरात जाऊन एप्रन बांधून उभी. बटाटे सोलले, ट्रे लावले, आणि आमच्या थकल्या डिशवॉशरचं झाकण कोपराने कसं दाबायचं तेही शिकली. माझ्या हाताखालच्या बायका म्हणायला लागल्या की हिला परत पाठवू नका. काल दूध काढून झाल्यावर तुझा व्हर्जिल लेकीला न्यायला आला, तेव्हा त्यांनी तिच्या हातात केकचा डबा दिला. तो घरापर्यंत पोचला की वाटेतच संपला, ते मला माहीत नाही. व्हर्जिलच्या मिशीकडे बघून तुला कळलं असेल.

बाकी सगळं ठीक.

एवढं लिहून मी उठले, चहा केला, परत बसले. बाकी सगळं ठीक आहे, पण तेवढंच नाही. मला लिहायला जेनेलनेच सांगितलं. म्हणाली, "मावशी, आधी तू लिही. मी बोलायला लागले की आई भांडी घासायला लागते, आणि नळाच्या आवाजात मला माझंच ऐकू येत नाही." हे पत्र बुधवारी तुझ्या हातात पडेल तेव्हा ती शाळेत असेल. नळ बंद ठेव आणि शेवटपर्यंत वाच.

ती आली त्या दिवशी मी तिची बॅग रिकामी करत होते. तुझ्या अंड्यांच्या खोक्याखाली तिचे खेळायचे बूट निघाले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. तिला विचारलं तर ती माझ्याहून चकित. तिने ते भरलेच नव्हते. मग मी व्हर्जिलकडे बघितलं. तो गाडीच्या टायरकडे बघत म्हणाला, "पोरीच्या पायात काहीतरी लागतंच." एवढं बोलून गेला. त्याच्यावर रागावू नकोस. त्या माणसाने वर्षभरातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

फेब्रुवारीत आमची बास्केटबॉलची कोच पेग हावरकॅम्प जेनेलला कॉलेजच्या संघासाठी मागायला तुझ्याकडे येऊन गेली, तेव्हा तू तिला अ‍ॅपल पाय खाऊ घातलास, दोनदा कॉफी दिलीस, आणि उत्तर मात्र दिलं नाहीस. त्या रात्री फोनवर तू मला जे बोललीस ते मी विसरले नाही, आणि तूही विसरली नसशील, कारण त्यानंतर तुझा फोन नाही. तू म्हणालीस, "गार्डला कॉलेजात कोण बोलावतं? जन्मात एक बास्केट केलेला नाही तिने. तूच गळ घातली असशील. आणि पोरगी खेळायला जाणार की लोकांची ताटं विसळायला?"

मी गळ घातली नव्हती, लिओना. पेगने तिला विभागाच्या सामन्यात पाहिलं होतं, त्या उंच फॉरवर्डसमोर. जिच्यासाठी सगळं गाव गाड्या भरून आलं होतं, तिला आपल्या जेनेलने अर्धा वेळ चेंडूचं तोंड दिसू दिलं नाही. जेनेल माझी भाची आहे हे पेगला कळलं ते तुझ्या बैठकीच्या खोलीत, भिंतीवरचा आपल्या दोघींचा संघाचा फोटो बघून. परत आल्यावर ती तडक माझ्या स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अ‍ॅडेला, तू कधी खेळलीस हे मला का सांगितलं नाहीस?" मी म्हटलं, कुणी विचारलं नाही. गार्डला कुणी विचारत नाही.

तर गुरुवारी दुपारी पेगने जेनेलला जिममध्ये बोलावलं. नुसतं मुलींबरोबर खेळून बघ, म्हणाली. मी प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन बाकावर बसले.

आमच्या संघात शिकागोकडच्या मुली आहेत. आपला खेळ त्यांनी ऐकूनसुद्धा माहीत नाही. मोरीन नावाची एक लांबलचक पोरगी आहे, तिने जेनेलला विचारलं की तुमच्यात एका बाजूला सहा जणी कशा मावतात. जेनेलने सांगितलं, तीन जणी मैदानाच्या या अर्ध्यात, तीन त्या अर्ध्यात, आणि मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. फॉरवर्ड बास्केट करतात, गार्ड अडवतात.

"म्हणजे तू कधीच बास्केट केला नाहीस?"

"करायची मुभाच नव्हती."

"मग चेंडू हातात आला की काय करायचीस?"

"रेषेपर्यंत न्यायचा आणि पलीकडे द्यायचा," जेनेल म्हणाली. "तोसुद्धा दोनच टप्पे मारून."

मोरीनला वाटलं ही थट्टा करते आहे.

खेळ सुरू झाला. जेनेल अडवायला लागली तेव्हा बाकावर मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. पाय असे पडतात तिचे, की समोरचीला वाटावं भिंतच सरकते आहे. तिने मोरीनच्या हातातला चेंडू काढून घेतला, इतक्या अलगद की मोरीन रिकामे हात घेऊन तशीच धावत राहिली. समोर सगळं मैदान मोकळं. एक जीवसुद्धा आडवा नाही. जेनेल सुटली, दोन टप्पे मारले, आणि मधल्या रेषेपाशी येऊन खिळ्यासारखी थांबली. बुटांचे शेंडे रेषेच्या अलीकडे. चेंडू छातीशी. आणि पलीकडे बघत राहिली, कुणी फॉरवर्ड दिसते का म्हणून.

पलीकडे कुणी नव्हतं.

मुली हसल्या, दुष्टपणाने नाही, पण हसल्या. जेनेलचे कान लाल झाले. तुझे व्हायचे तसेच. मी जागेवरून उठले होते. का उठले ते मलाही कळलं नाही. माझेच पाय त्या रेषेशी अडकल्यासारखे झाले होते. पेग मात्र हसली नाही. ती जवळ गेली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जा. तिकडचंही मैदान तुझंच आहे."

जेनेलने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार, मान हलवली. मग तिने एक पाय पलीकडे ठेवला, पाण्याचा अंदाज घेतात तसा, आणि दुसरा. आणि धावत गेली आणि चेंडू फेकला. लिओना, तो कुठेच लागला नाही. रिंगला नाही, जाळीला नाही, फळीला नाही. थेट मागच्या पडद्यात. एवढा वाईट फेकलेला चेंडू मी आयुष्यात पाहिला नाही, आणि माझे डोळे भरून आले.

पेग नंतर माझ्याशेजारी बसून म्हणाली की नेम शिकवता येतो, उन्हाळाभर घासला की येतो. पाय शिकवता येत नाहीत. तू काय बोलली होतीस त्याचं उत्तर मला तिथे मिळालं. गार्डला यासाठी बोलावतात.

आता ताटांचं. शुक्रवारी सिस्टर बर्निसच्या ऑफिसात आम्ही बसलो, पेग, जेनेल आणि मी. कॉलेजमधली मुलींची कामं सिस्टर बर्निस वाटून देते. आमच्याकडे खेळासाठी म्हणून कुणालाही पैसा मिळत नाही, तसा नियमच आहे. फीमधली सूट घरची परिस्थिती बघून, आणि बाकीच्यासाठी काम. संघातली प्रत्येक पोरगी काहीतरी करते. मोरीनचा बाप दातांचा डॉक्टर आहे आणि ती चॅपल झाडते. जेनेलला सकाळचा नाश्ता माझ्या हाताखाली आणि संध्याकाळी संघाचे कपडे धुवायचे, असं ठरत होतं. माझ्या हाताखाली म्हणजे लाड होतील असं समजू नकोस. माझ्या बायकांना विचार.

सगळं गोड चाललं होतं. मी बोलायचं नाही असं ठरवून बसले होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघा गेला तर?"

सिस्टर बर्निसने चष्मा काढला.

"अ‍ॅडेला, काम ताटांचं आहे," ती म्हणाली. "ताटांना गुडघा लागत नाही."

मी म्हटलं, सिस्टर, मला हे नीट सांगा, हिच्यासमोर सांगा. तेव्हा तिने जेनेलकडे वळून सांगितलं. खेळासाठी इथे काही दिलेलं नाही, त्यामुळे खेळ सुटला म्हणून काही काढून घेता येत नाही. पहिल्याच दिवशी पडलीस किंवा कंटाळून बूट टांगलेस, तरी तुझी खोली तुझी, वर्ग तुझा, आणि नाश्त्याच्या वेळी तू हजर असलीस तर कामही तुझं. पेग म्हणाली की मुलगी दुखावली तर मी तिला दवाखान्यात नेते, बस स्टँडवर नाही. तिला काहीच माहीत नाही, लिओना. तिने आपलं सहज म्हटलं. पण मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

बाहेर आल्यावर जेनेलने विचारलं, "कुणाचा गुडघा, मावशी?"

मी म्हटलं, कुणाचा नाही, असंच. तिच्या मते तुझा पाय गाईने लाथ मारली म्हणून अधू आहे. तुझ्या मुलग्यांनाही तेच माहीत आहे. सगळ्या गावाला तेच माहीत आहे. मी त्यात कधी शब्द घातला नाही आणि आजही घालणार नाही.

पण आपण दोघी तरी सीडर रॅपिड्सचं नाव घेऊ या. एकदाच. तिथल्या टायपिंगच्या शाळेचा माणूस तुला त्यांच्या संघासाठी न्यायला आपल्याकडे आला होता. त्यालाही आईने अ‍ॅपल पाय खाऊ घातला होता. खेळ, शीक, दुपारी ऑफिसात टेबलावर काम कर, म्हणाला. बस स्टँडवर सगळं गाव आलं होतं तुला निरोप द्यायला. आणि थंडीत तू परत आलीस तेव्हा बसमधून तुला उतरवून घ्यायला मी एकटी होते. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास, आणि घरापर्यंत एवढंच बोललीस की गुडघा सुजला त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली. त्यानंतर तू चेंडूला हात लावला नाहीस. आईने विचारलं नाही, बाबांनी विचारलं नाही. मी विचारलं नाही, कारण मला वाटलं, तू सांगशील तेव्हा सांगशील.

फेब्रुवारीत तू माझ्यावर चिडलीस ते ताटांवरून नव्हतं. हे मला फोन ठेवता ठेवताच कळलं होतं. ते कागदावर आणायला एवढे दिवस लागले, आणि त्यातले सगळेच काही मनगटाच्या नावावर टाकता येणार नाहीत.

जेनेलला यायचं आहे. तिने पेगला अजून हो म्हटलेलं नाही. म्हणाली, "आईला नको असेल तर मी येणार नाही. पण का नको ते तिने मला सांगायला हवं." तुझं शेंडेफळ हट्टी आहे आणि तिचं बरोबर आहे. तिला सांग. गाईची गोष्ट बाजूला ठेव, गाय बिचारी कधीच मेली. खरं ऐकून ती घाबरेल असं मला वाटत नाही. ऐकून तिने नको म्हटलं, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

आणि हो म्हटलं तर एक काम आहे, ते पेगला जमणार नाही आणि मला तर नाहीच. मी जन्मात एक बास्केट केलेला नाही. गोठ्याच्या मागे ती रिंग अजून आहे, मला माहीत आहे, गेल्या उन्हाळ्यात मी पाहिली. गंजली आहे, पण वाकलेली नाही. व्हर्जिल म्हणत होता की जाळी नवी आणायला हरकत नाही. म्हणजे जवळजवळ दुसरं भाषणच. तुझा तो हात, लिओना. चेंडू सुटल्यावर तुझं मनगट कसं खाली पडायचं, जसं काही त्याला निकाल बघायची गरजच नाही. सगळं जिम वर बघत असायचं. रेषेच्या या बाजूला उभी राहून मी तुझा हात बघायचे. तो मी कुणाला शिकवू शकत नाही. फक्त एवढंच सांगू शकते की असा हात होता, मी पाहिला आहे.

दूध काढून झाल्यावर, ऊन उतरलं की, थोडा वेळ. उभं राहायला चांगला गुडघा लागतो, शिकवायला लागत नाही.

नोव्हेंबरात पहिला सामना आहे. मी बाकावर तुझी जागा धरून ठेवीन. व्हर्जिलचीही, तो गप्प बसणार असेल तर, आणि तो बसेलच.

नेहमी तुझ्याच हातात चेंडू देत आलेली, आणि आजही देणारी,

तुझी थोरली बहीण
अ‍ॅडेला