पार्किंगमधले फोन

२ फेब्रुवारी

गाडी मेली! किल्ली फिरवली तर नुसतं टक. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. त्या मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन तयार. शेवटी रिक्षा केली. नेरूळ येईपर्यंत एकच पालुपद, "आशू असता तर असं झालं नसतं." आई, आशू असता तर बऱ्याच गोष्टी झाल्या नसत्या. हे अर्थात मनात.

जानेवारीत गेला तो जहाजावर. चीफ इंजिनिअर. घरी असताना गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही, आणि मी आजवर त्या गाडीत पेट्रोल भरण्यापलीकडे काही केलेलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन. आमचे फोन मला पाठ आहेत. जेवलीस? जेवले. आई? बऱ्या आहेत. अस्मिता? हॉस्टेलवर मजेत. समुद्र? शांत. बरं, ठेवतो. संपलं! आज मधेच म्हटलं, गाडी सुरू होत नाहीये. आणि आवाजच बदलला त्याचा. "थांब थांब. नीट सांग. टक एकदाच येतं? आतले दिवे लागतात? मंद की लख्ख?"

मी म्हटलं, गॅरेजवाल्याला बोलावते. तर केवढ्याने, "अजिबात नाही! बाहेरचा हात लागला की गाडी आपली राहत नाही. उद्या पार्किंगमधून फोन कर. मी सांगतो तसं कर."

३ फेब्रुवारी

केलं! मी केलं!

बॉनेट उघडायला कुठला खटका ओढायचा इथपासून सुरुवात. बॅटरीच्या टोकांवर पांढरं-हिरवं काहीतरी साठलेलं, जुन्या तांब्याच्या भांड्याला चढतं तसं. "आधी काळी वायर सोडव. आधी काळीच, कळलं?" मग गरम पाणी, लेकीचा, अस्मिताचा जुना टूथब्रश. घासघास घासलं. तो तिकडून बघत होता. नेट मधेच अडकायचं, त्याचा चेहरा तोंड उघडं ठेवून थांबायचा, मी तेवढ्यात बघून घ्यायचे. दाढी वाढवलीय. सांगितलं नव्हतं मला.

वायरी लावल्या, किल्ली फिरवली, सुरू! मी एवढ्याने ओरडले की वॉचमन कृष्णात धावत आला. आशुतोष हसत होता. खूप दिवसांनी असा हसला. आणि शेवटी "ठेवतो" नाही म्हणाला. "ठेवू?" म्हणाला.

मी म्हटलं, इतक्यात नको.

९ फेब्रुवारी

आज वायपरचे रबर बदलले. कूलंटची बाटली बघितली, तीही भरली. पुन्हा मोठा फोन. मधेच त्याने कुठल्या बंदरावर मासे विकणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली, तिची गाडी बंद पडली होती त्यावरून. गाडीवरून गाडी आठवते, मग माणूस आठवतं, मग हा बोलतो. एरवी विचारलं, "आज काय केलंस?" तर "काम." काम! जसं काही मला माहीतच नव्हतं.

सासूबाई फुगल्यात. "मला दोन मिनिटं आणि त्या डबड्याला तासभर!"

२३ फेब्रुवारी

गाडी ठणठणीत. जेवलीस? जेवले. आई? बऱ्या. ठेवतो.

गाडीला काही झालं नाही याचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

आज खोटं बोलले. आपणहून फोन लावला आणि म्हटलं, आवाज येतोय. "कुठून?" पुढून. "डावीकडून की उजवीकडून?" ...डावीकडून. "कुंई कुंई की खरखर?" देवा! म्हटलं, कुंई कुंई.

मी बंद गाडीत काचा वर करून बसलेले. कुंई कुंई कसलं, साधी चिमणी ओरडत नव्हती. आणि तो मला बेल्ट म्हणजे काय, तो कसा ताणायचा, सैल असला की का ओरडतो, सगळं समजावत होता. "हळू कर, घाई नको. बोट सांभाळ." बोट सांभाळ म्हणाला. मी खरंच बोट मुठीत धरलं.

लाज वाटायला हवी. वाटली नाही.

९ मार्च

ऑइल बदलायचं झालंय. हे मात्र खरं, खोटं नाही. त्याने दोन दिवस आधी सगळं सांगून ठेवलेलं. त्याने केलेल्या त्या दोन लाकडी उतारांवर पुढची चाकं चढवायची, खाली शिरायचं, नट सोडवायचा, जुनं ऑइल परातीत.

चाकं चढवली (घाम फुटला). जुन्या चादरीवर उताणी पडून खाली शिरले. नट सापडला. तो काही केल्या हलेना. पान्याला लोंबकळले, लाथ मारली. ढिम्म! वर डोक्याशी एवढी मोठी गाडी, आणि एकदम वाटलं की चाक सरकलं. सरकलं नव्हतं. पण मी अशी काही बाहेर आले की कोपर सोलवटलं. कृष्णात म्हणाला, "मॅडम, सोसायटीत रिपेरिंगला परवानगी नाय, सेक्रेटरी मला बोलतात. आणि तुमी कशाला करता हे? सारसोळ्याला धम्मपालचं गॅरेज हाय ना."

टायरला टेकून रडले थोडी. नटासाठी नाही.

११ मार्च

गेले धम्मपालकडे. एकदाची. चोरासारखी! सारसोळ्याच्या आतल्या गल्लीत गाडी घालताना सारखं वाटत होतं कुणी ओळखीचं बघेल आणि थेट जहाजावर कळवेल.

धम्मपाल पस्तिशीचा असेल. बोलका. बॉनेट उघडलं आणि थबकला. एका नळीवर आशुतोषने दोरा गुंडाळून ठेवलाय, घट्ट, एकाला एक लागून, जहाजावर करतात तसा. "हे कोणी केलं?" मी म्हटलं, मिस्टरांनी. "बदलून टाकू? नवीन टाकली की टेन्शन नाय." मी एकदम, नको, त्याला हात लावू नका! केवढ्याने बोलले मी. तो बघतच राहिला. मग म्हणाला, "बरं मॅडम, राहू द्या. ऑइल तर बदलू ना?"

नट त्याच्याकडून एका हिसक्यात सुटला. असो.

१२ मार्च

आशुतोषला सांगितलं, केलं मी. स्क्रीनवर त्याचा चेहरा जागीच थांबला. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाला, "नट सुटला?" म्हटलं, लाथ मारली. "ऑइल कसं निघालं?" काळंकुट्ट. (धम्मपालशेजारी उभी राहून बघितलंच होतं.) मग त्याने एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारली. फिल्टर कसा काढलास, वॉशर टाकलास का, हाताला लागलं का. मीही रंगवून रंगवून सांगत गेले. कोपर दाखवलं. तेवढं तरी खरं होतं.

म्हणतो, मेसमध्ये सगळ्यांना सांगितलं, माझी बायको गाडीचं ऑइल बदलते. कॅप्टनने टाळ्या वाजवल्या म्हणे.

आता कुठल्या तोंडाने खरं सांगू? आणि सांगितलं तर काय होईल ते मला पक्कं ठाऊक आहे. रागावणार नाही तो. फक्त पुन्हा जेवलीस, जेवले, ठेवतो. ते मला नको. बाकी काहीही चालेल.

१५ मार्च

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एवढं मशिनीचं काम करतेस, मग नखं कशी गं एवढी कोरी? आशूच्या नखांतलं काळं तर आठ-आठ दिवस निघत नसे."

मी हात पदराखाली घेतले.

१६ मार्च

धम्मपालकडून कफ सिरपच्या बाटलीत जुनं ऑइल आणलं. त्याने विचारलं कशाला. म्हटलं, दाराच्या बिजागरीला. "बिजागरीला नवीन घ्या ना मॅडम!" नको, जुनंच द्या.

आता फोनच्या आधी खाली जाते, चार थेंब हाताला चोळते, थोडं कपाळाला. ही असली तयारी मी लग्नाआधी त्याला भेटायला जातानासुद्धा केली नव्हती!

३० मार्च

पाडवा. गाडीला हार घातला, फोटो पाठवला. उत्तर, "डाव्या टायरमध्ये हवा कमी दिसतेय."

६ एप्रिल

आज विनाकारण खाली जाऊन गाडीत बसले. मागे त्याची टोपी आहे, मळकी. धुवायला काढली होती, पुन्हा तिथेच ठेवली.

घरी असला की रविवारी तो मला दिसायचाच नाही. गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय, एवढाच माझा नवरा. मी चहाचा कप टायरजवळ ठेवायची आणि पायांशी भांडायची. अस्मिता त्यावरून किती चिडवायची! चार महिने समुद्रावर इंजिन, घरी आलास तरी इंजिन, मग मी कधी? असं मी म्हणायचे. तो खालून म्हणायचा, "पाना दे."

आता ते पाय दिसावेत म्हणून जीव तुटतो. नको बोलूस माझ्याशी, पण खाली पडून राहा. मी चहा आणते.

गाडीबिडी काही नकोय मला. मला तो हवाय. लिहून टाकलं एकदाचं.

२६ एप्रिल

पुढच्या महिन्यात येणार होता. नाही येत. त्याच्या जागी जायला माणूस मिळत नाही म्हणे, कंपनीने मुदत वाढवली. अजून दोन महिने, "कदाचित जास्त."

हे सांगितलं आणि श्वाससुद्धा न घेता, "बरं, क्लच जड लागतोय म्हणत होतीस, त्याचं काय झालं?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, क्लच घाल चुलीत! तुला माणसं दिसतात का रे? मी इथे पदर खोचून, हाताला काळं फासून... पुढचं गिळलं. मी फोन कापला. आधी मीच कापला, आजवर पहिल्यांदा.

बाटली सिंकखाली ढकलून दिली.

३० एप्रिल

फोन नाही. सासूबाईंना मेसेज आला, समुद्र खवळलाय, नेट नाही, काळजी नको. मला वेगळा नाही.

४ मे

आज पामबीच रोडवर क्लच खरंच गेला. मी गिअर टाकतेय, इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. जळका वास. बाजूला फ्लेमिंगो बघायला आलेल्यांच्या गाड्यांची रांग. एकजण दुर्बीण खाली करून माझ्याकडे बघत होता.

आणि मला काय आठवावं? त्याने सांगितलेलं. घाबरायचं नाही, न्यूट्रल, हँडब्रेक, पिवळे दिवे, बॉनेट वर. केलं सगळं. मग धम्मपालला फोन. तो टोइंगची गाडी घेऊन आला. "क्लच प्लेट गेली मॅडम. आठवडा लागेल. हे काय घरी होण्यासारखं नाय."

नाहीच होण्यासारखं. म्हणजे आता सोंगही आणता येणार नाही. पार्किंगमधली जागा रिकामी. खाली जाऊन करू काय?

५ मे

ठरवलं. फोन आला की सगळं सांगायचं. ऑइल, बेल्ट, बाटली, सगळं. पुढे जे होईल ते. दोन शब्दांचे फोन तर दोन शब्दांचे. पण मी खोटं बोलत असताना तो बोलत होता ते माझ्याशी नव्हे, गाडी दुरुस्त करणाऱ्या कुठल्या तरी बाईशी. तिचा मला हेवा वाटायला लागलाय. वेडीच मी.

सासूबाईंनी ताटात जास्तीची पोळी वाढली.

८ मे

फोन आला. म्हणाला, "पार्किंगमध्ये ये."

म्हटलं, गाडी गॅरेजला आहे. आणि ऐक, मधे बोलू नकोस. ऑइल मी बदललं नाही. बेल्ट ओरडत नव्हता. हाताचं काळं बाटलीतलं होतं. सगळं धम्मपालने केलं.

"माहितीय."

काय माहितीय?

"गाडीच्या काचेवर सोसायटीचं स्टिकर आहे ना, त्यावर माझाच नंबर आहे. गाडी पहिल्यांदा आली तेव्हाच धम्मपालने मला मेसेज टाकून विचारलं, मगच ऑइल बदललं. क्लचचंही परवाच कळलं."

मग इतके दिवस मला कशाला सांगत बसायचास, हे काढ, ते घाल?

तिकडून नुसती घरघर. त्याच्या इंजिनची.

मग म्हणाला, "बॉनेट उघड."

अरे, गाडी इथे नाहीये!

"उघड ना."

मी खिडकीत उभी. खाली रिकामी जागा.

म्हटलं, उघडलं.