बिस्किटचा हिवाळा

१४ नोव्हेंबर २००४, रविवार

झाकण मी धरून ठेवलं, अनिकाने पीनटला आत सोडलं. बिस्किटने डोकं उचललं, जीभ बाहेर काढली, परत डोकं खाली ठेवलं. एवढंच!

"झालं?" मी विचारलं.

"आई, शी इज नॉट गोइंग टू डान्स."

दोघं अनिकाचे पाळलेले साप. बिस्किट मादी. जाड, माझ्या दंडाएवढी. पीनट तिच्या निम्मा. दोन-तीन दिवस एका टबात ठेवायचं, मग वेगळं करायचं, मग परत एकत्र. मार्चपर्यंत हेच. त्यांच्या आफ्रिकेत या दिवसांत रात्री गार असतात म्हणून इथेही गार करायच्या. टबाखालचा गरम पॅड रात्री पंचाहत्तर फॅरनहाइटवर आणायचा, सकाळी परत वर. रात्र गार झाली की मादीच्या पोटात अंडी धरायला लागतात. सतरा वर्षांची मुलगी आईला विणीचा हंगाम समजावते. मी ऐकते. हल्ली ती एवढं सलग दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाही.

टब अनिकाच्या बाबांच्या, राजीवच्या कामाच्या खोलीत ठेवले. इथली नोकरी गेली, दूर दुसऱ्या राज्यात हर्नडनला मिळाली, मार्चमध्ये तो गेला. तेव्हापासून खोली बंदच होती. जूनमध्ये अनिकाची शाळा संपेल, ती इथेच युनिव्हर्सिटीत जाईल. मग हे घर विकायचं आणि मी हर्नडनला जायचं. ठरलं तेव्हा मी मान हलवली होती. होकाराची की नुसतीच, ते त्याने विचारलं नाही.

२१ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा एकत्र ठेवलं. दोघं दोन कोपऱ्यांत.

२५ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. राजीव आला नाही — ऑन कॉल. फोनवर म्हणाला, "जूनमध्ये त्या सापांचं काय करायचं? माझ्या अपार्टमेंटमध्ये चालत नाहीत."

"बघू."

"युनिव्हर्सिटीच्या डॉर्ममध्ये नेईल ती?"

"डॉर्ममध्येही चालत नाहीत."

"मग बघू काय?"

मी कुकरच्या शिट्टीचं निमित्त केलं. कुकर लावलेला नव्हता.

४ डिसेंबर

जोडी लागली! अनिकाने मला लायब्ररीत फोन केला. घरी आले तेव्हाही दोघांच्या शेपट्या एकमेकींत अडकलेल्या होत्या. दोघंही निश्चल. जवळ उभं राहून कुजबुजत बोललो, उगीचच. सापांना ऐकू येत नाही म्हणतात.

रात्री जेवताना तिने हिशोब मांडला. सगळं नीट झालं तर अंडी एप्रिलच्या शेवटी. मग दोन महिने उबवायच्या पेटीत, तिथे मात्र उष्णता एका काट्यावर. पिल्लं जुलैत. ती खायला लागली की ऑगस्टमध्ये कुणाला तरी देता येतील. पिल्लं निघेपर्यंत अंडी हलवायची नाहीत. कूस बदलली तरी आतला जीव मरतो.

राजीवला सांगितलं. "म्हणजे ऑगस्ट?" तो म्हणाला.

"म्हणजे ऑगस्ट."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं — मला हायसं वाटलं होतं. आजवर स्वतःशीही म्हटलं नव्हतं, इथे लिहिते. मला हर्नडनला जायचं नाही.

२६ डिसेंबर

राजीव चार दिवस इथे आहे. आल्या आल्या आपल्या खोलीत गेला, दारातच थांबला.

"माझी खोली सापांना दिलीस?"

"रिकामी ठेवायची होती का?"

"ठेवायची होती की," म्हणाला. हसत म्हणाला, पण हसत नव्हता.

मग तळघरातून छोटा हीटर आणला, पायाशी लावला, लॅपटॉप उघडून बसला. तेव्हापासून तिथेच. आज चहा द्यायला गेले तर खोलीत नागपूरचा एप्रिल. रात्रीही हीटर चालू राहतो, विसरतो तो. पॅड खाली आणून काय उपयोग! गार रात्री गेल्या. सांगायला हवं होतं. पण अनवाणी बसला होता, कितीतरी महिन्यांनी आपल्या खुर्चीत. कप ठेवला आणि बाहेर आले.

२८ डिसेंबर

अनिकाला कळलं.

"डॅड, यू कुक्ड देम!"

"मला थंडी वाजत होती, अनू."

"सो वेअर सॉक्स!"

तो माझ्याकडे बघत होता. मी कणीक मळत होते. तीन माणसं आणि कुणाचीच बाजू घेता येत नाही. आता वीण होईल किंवा नाही होणार. अनिका म्हणते, मादीच्या अंगात ऋतू एकदा विस्कटला की ती वर्ष सोडून देते. पुढच्या हिवाळ्याची वाट बघते.

पुढच्या हिवाळ्यात हे घर नाही.

३० डिसेंबर

राजीव गेला. हीटर स्वतः पुसून कपाटात ठेवून गेला.

१६ जानेवारी २००५

संक्रांतीचं हळदीकुंकू. अकरा जणी आल्या. पद्मिनीमावशी बाथरूम शोधत गेल्या आणि चुकीचं दार उघडलं.

"सुचित्रा! अगं हे काय, नाग?"

"अजगर, मावशी. लहान जात. घाबरला की चेंडूसारखा गुंडाळून बसतो. काही करत नाही."

"दोघं एका डब्यात?"

"हंगाम आहे त्यांचा."

"अगं बाई! मग दार लावून घे ना!" आणि स्वतःच लावलं.

नंतर पाऊण तास दुसरा विषय नाही. दीपा म्हणाली, "मावशी, तिलाही बोलवा ना, सवाष्ण आहे." मावशी म्हणाल्या, "बोलावलं असतं, पण वाण कुठे धरेल ती?" मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग ते थांबेना. तिळगुळाची ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेले.

मावशी मागून आल्या. "राजीव कधी येतोय?"

"मार्चमध्ये."

"आणि तू कधी जातेस?"

"अंडी झाली की बघू."

त्यांनी ताटली माझ्या हातातून घेतली. "अंडी झाली की," म्हणाल्या आणि आपले बूट शोधायला गेल्या.

२२ जानेवारी

सकाळपासून बर्फ. लायब्ररी बंद. ड्राइव्हवे दोनदा साफ केला, दोनदा भरला. कंबर गेली. हवेचा दाब उतरला की सापांची जोडी लागते म्हणे, वादळ त्यांना आधी कळतं. खरंच लागली. दिवसभर तशीच. अनिका त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून कॅल्क्युलसचा अभ्यास करत होती. दारातून बघत राहिले. हे असं सगळं मी सोडून जाणार आहे असं वाटलं, मग वाटलं, जूनमध्ये तीच मला सोडून जाणार आहे. घर तेवढं राहील.

९ फेब्रुवारी

बिस्किट खात नाही. चांगली खूण — पोटात अंडी असली की खात नाहीत. पीनटही खात नाही, पण नरांचं असंच असतं, हिवाळाभर उपाशी.

मीही हल्ली एकटी असले की दहीभातावर भागवते.

२७ फेब्रुवारी

पोट मध्येच फुगलेलं दिसलं. अनिका म्हणते हेच ते, आत बीजकोशातून अंडी सुटली. मला नीट दिसलं नाही. "हो, दिसतंय," म्हटलं.

६ मार्च

राजीवने मार्चची फेरी कॅन्सल केली. सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. चिडायला हवं होतं, चिडले नाही. तोही ओशाळला नाही. म्हणाला, शनिवारी भरली वांगी केली. तळ्याभोवती फिरायला जातो. वीस वर्षांत त्याने या घरात चहाही स्वतःहून केला नव्हता. आवाज झोप झालेल्या माणसासारखा येतो.

"घर कधी लिस्ट करायचं?" मीच विचारलं.

"तुझ्या अंड्यांचं काय ते बघ आधी," म्हणाला.

माझ्या!

२० मार्च

बिस्किटने कात टाकली. अख्खी, डोळ्यांवरच्या पारदर्शक टोप्यांसकट. अनिकाने भिंतीवर टेपने लावली. आता महिन्याभरात अंडी. उबवायची पेटी धुऊन, चालू करून तयार ठेवली. आत काही नाही, पण काटा एका जागी स्थिर. बघायला बरं वाटतं.

२ एप्रिल

वाट.

११ एप्रिल

वाट. बिस्किट पॅडवर सोडून गार बाजूला पडून असते. हे चांगलं की वाईट? अनिकालाही माहीत नाही. तिच्या डॉर्मचं पत्र आलं, तिने उघडलंसुद्धा नाही.

२२ एप्रिल, शुक्रवार

लायब्ररीतून आले तर बिस्किट टबाच्या पुढच्या भिंतीशी, मान मागे ओढून इंग्रजी एससारखी. ही भुकेची बैठक. मला ओळखू येते आता. अनिका शाळेतून आलेली नव्हती. थांबायला हवं होतं. फ्रीझरमधला उंदीर कोमट पाण्यात ठेवला, चिमट्याने पुढे धरला.

एका झटक्यात घेतला. मी दचकून मागे झाले, चिमटा पडला. ती गिळत होती, मी बघत होते. इतके महिने उपाशी. इतक्या उशिरा पोटात अंडी असलेली मादी खात नाही. अनिकानेच शिकवलेलं.

ती आली. सांगितलं. तिने बॅग खाली ठेवली, दोन बोटं पोटाच्या मागच्या भागावरून हलकेच फिरवली. परत फिरवली.

"नथिंग," म्हणाली. "देअर वॉज नेव्हर एनिथिंग. शी'ज जस्ट फॅट."

"हीटरमुळे?"

"आय डोन्ट नो, आई. मेबी. मेबी नॉट." मग मराठीत, "बाबांना सांगू नको ना. त्यांना वाईट वाटेल."

संध्याकाळी राजीवचा फोन. "काय, झाली का अंडी?"

अनिका जिन्यात उभी होती.

"झाली," मी म्हटलं. "सहा."

तिकडे खुर्ची सरकली. मग, "म्हणजे ऑगस्ट."

"ऑगस्ट. कदाचित सप्टेंबर. हलवता येत नाहीत."

"नको हलवूस," म्हणाला.

अनिका माझ्याकडे बघत वर गेली. तिला वाटलं असेल, मी बाबांसाठी खोटं बोलले.

२३ एप्रिल, शनिवार

सकाळी साडेसातला परत राजीवचा फोन. काल सांगायचं राहिलं म्हणाला. त्याने तिथल्या वन-बेडरूम अपार्टमेंटचीच लीज एक वर्ष वाढवली आहे. सही मागच्या महिन्यात केली, मी सहा अंडी सांगितली त्याच्या आधीच.