शेवटच्या ओळीतलं नाव

रत्नागिरी, गुरुवार, ऑगस्ट २००८

काय ही मी! बाबांनी गायलेल्या जाखडीच्या गाण्याची कॅसेट मीच हौसेने कॉम्प्युटरवर घेतली आणि गाण्यांच्या त्या साइटवर चढवली. तिथे आपण काय ऐकतो ते मैत्रिणींना दिसतं, त्यांनाही ऐकता येतं. मला ठाऊक नव्हतं का? होतं की. त्यासाठीच तर चढवली.

दुपारी केतकीने, माझ्या पुण्याच्या रूममेटने, गाण्याखाली लिहिलं, "हे कोण ओरडतंय? ऐकतेय अजून, हसून हसून पोट दुखलं." मी लगेच लिहिलं, "कोण जाणे, गावाकडचं कुणीतरी."

कुणीतरी!

आणि मग आठवलं. जाखडीचा शाहीर गाण्याच्या शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव आणि गाव गुंफतो. बाबाही गुंफतात, आडनावासकट. केतकीने शेवटपर्यंत ऐकलं तर? मी घाईघाईने गाणंच काढून टाकलं. तेव्हा लाज नाही वाटली, सुटल्यासारखं वाटलं. हेच जास्त वाईट.

संध्याकाळी बाबा पडवीत जाळं दुरुस्त करत बसले होते. चहा द्यायला गेले तर म्हणाले, "काय गो, आयकलानी काय तुझ्या मैत्रणींनी?"

"हो. आवडलं सगळ्यांना."

किती सहज बोलले मी. दुपारी "कुणीतरी" लिहिलं, तेही असंच सहज.

जाळ्यावरचा त्यांचा हात थांबला. चेहरा असा खुलला की माझ्याने बघवेना.

"शेवटपर्यंत आयकलानी ना? आपलं नाव शेवटालाच येतं."