दोनशे गज, हायवे टच

२८ सप्टेंबर २००९, दसरा
सीमोल्लंघन प्लॉटवरच केलं. दोनशे गज, हायवे टच. (मधे चार प्लॉट आहेत, पण टचच म्हणायचं.) नारळ फोडला. कुमुदिनी ऑटोतून उतरली नाही. गुडघे.
तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढून सुपरिंटेंडंट म्हणून रिटायर झालोय. जमीन मला कळते. आमच्या इचोडा गावाच्या एका अंगाला राखीव जंगल. दुसऱ्या अंगाला आदिवासींची जमीन, ती बाहेरच्याला कायद्याने घेता येत नाही. मधे उरली चिमूटभर. सप्लाय लिमिटेड. माणसं वाढणार, जमीन वाढणार नाही. हैदराबादेत मंदी आहे म्हणतात. असेल. तिकडे आकाशात फ्लॅट बांधतात, आणि आकाश काही लिमिटेड नाही.

४ ऑक्टोबर
झेडपी शाळेचे देवाजी मास्तर आले. प्लॉटचे पाच लाख देतो म्हणाले, रोख. कुमुदिनीने त्यांच्या चहात साखर दुप्पट घातली, दूध वेगळं तापवलं. कारण मला ठाऊक आहे. गल्लीतलं खालचं दोन खोल्यांचं घर पाचालाच विकणे आहे. एक उंबरा, पायरी नाही. आम्ही भाड्याने वरच्या मजल्यावर, एकोणीस पायऱ्या. डॉक्टर म्हणतात जिना बंद करा. डॉक्टरला काय जातं?
मी आठ सांगितले. मास्तर म्हणाले, शामराव, आठ कोन देऊन राह्यलं आता? मी नुसता हसलो. जाणकार माणसाने हसावं.
चहा वाया गेला म्हणून कुमुदिनीने रात्री भाजीत मीठ घातलं नाही.

१२ डिसेंबर
तेलंगणाची गडबड. बंद. रजिस्ट्रेशन ऑफिसात शुकशुकाट, शिपाई बाकावर आडवा. मास्तर आता चार म्हणतात. पडलेला भाव हा भावच नसतो, तो आजार असतो. बरा होतो.
संकल्प: रोज सकाळी प्लॉटला चक्कर. व्यायामही होईल.

१५ डिसेंबर
थंडी. चक्कर सोमवारपासून.

३ जानेवारी २०१०
गेलो एकदाचा. शेजारच्या वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या आहेत आणि पांढरे दगड रोवले आहेत. तीनशे दहा प्लॉट. समोर आणखी दोनशे चाळीस. बोर्डावर पामची झाडं.
सप्लाय वाढला असं वरवर दिसतं. पण नीट विचार केला तर ही जमीन आधीपासून होतीच. नवीन थोडीच तयार झाली?

१९ जानेवारी
माझ्या हद्दीचे दगड चोरीला. प्लॉटवर कुणाची तरी म्हैस बांधलेली, शेण थापायला सुरुवात. आज म्हैस, उद्या झोपडी, परवा कब्जा. एकतीस वर्षांत हेच पाहिलं. ज्याने प्लॉट पाडून विकले त्याचा फोन बंद.
एक जालीम तोडगा सुचलाय. आपल्या भागात माणूस कोर्टाला भीत नाही, पोचम्मा देवीला भितो.

२१ जानेवारी, दुपारी दोन
फत्ते. कुमुदिनी झोपली असताना माळ्यावरून दगडी वरवंटा काढला. तिला पाट्यावर बसवत नाही, मिक्सर आल्यापासून पडूनच होता. प्लॉटच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली रोवला. हळद, कुंकू, दोन लिंबं.
तिथे नाक्यावर द्वारकाबाई भाजी विकते. तिला पन्नास रुपये देऊन सांगितलं, पोचम्मा माय स्वप्नात आली होती, जागा दाखवली. द्वारकाबाईने विचारलं, साहेब, माय कोन्त्या रंगाचं लुगडं नेसून व्हती? ऐन वेळी सुचेना. हिरवं म्हणालो.

२२ जानेवारी
म्हैस गेली. शेणसुद्धा उचललं! खर्च पन्नास रुपये, दोन लिंबं. वकिलाने दहा हजार घेतले असते.

९ फेब्रुवारी
कुमुदिनी अकराव्या पायरीवरून घसरली. पाय प्लॅस्टरमध्ये. तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं. मी मागून सूचना दिल्या. वर पोचेपर्यंत ती पायऱ्या मोजत होती. समंजस आहे.
खालचं घर गेलं. चार लाखाला. बरंच झालं, मोह टळला. मास्तरांनी माझ्या शेजारचाच प्लॉट अडीचात घेतला. मातीमोल भावात माती घेतली, हसू आलं.

६ एप्रिल
प्लॅस्टर निघालं. कुमुदिनी दर मंगळवारी ऑटोने प्लॉटवर जाते. द्वारकाबाईशी तिचं जमतं. उशिरा का होईना, हिला जमिनीची ओढ लागली. बायकांना वेळ लागतो.
तिथे कुणीतरी ओटा बांधलाय. माझ्या खर्चाशिवाय सुधारणा.

२ मे
निर्मलहून गिऱ्हाईक आलं. दोघेही प्लॉटवर उभे. त्याने चपला काढल्या, हात जोडले, पाच रुपये ठेवले आणि भाव न विचारता निघून गेला. भाविक माणूस दिसला. पुन्हा येईल.

२५ जुलै
बोनालू, पोचम्माचा सण. दोनशे बाया, डोक्यावर भाताची मडकी, त्यात कडुनिंबाचा पाला, पुढे डफडी. सात कोंबड्या, एक बकरा. सगळ्यांत पहिलं मडकं कुमुदिनीचं. तिने काय नवस केला, विचारलं. सांगायचा नसतो म्हणाली.
प्रकरण हाताबाहेर चाललंय. उद्या सकाळी वरवंटा हलवतो.

२६ जुलै
पोतं घेऊन गेलो. दगडाला हात लावला आणि द्वारकाबाईच्या अंगात आलं. केस मोकळे, डोळे पांढरे. कोन हाय रे तू, मले उचलून राह्यला? भाजीवाले, ऑटोवाले गोळा. मी पोतं घडी करून बगलेत धरलं. मग ती म्हणाली, माहं हिरवं लुगडं कुठं हाय?
सहाशे चाळीस रुपये. काठ तिनेच निवडला.

१७ ऑक्टोबर, दसरा
देवळाची कमिटी झाली. दानपत्र मागतात. कुमुदिनी म्हणाली, देऊन टाका, नाही तरी कोन घेऊन राह्यलं? मी हिशेबी माणूस, फक्त वीस गज देणार होतो. पण प्रदक्षिणेला चाळीस लागले. स्वयंपाकाला तीस. बकऱ्या बांधायला पन्नास. सेवेकऱ्याच्या खोलीला, बाथरूमसकट, चाळीस. नऊ बोअरवेलला. उरले अकरा. अकरा गजांचं काय करता, म्हणाली.
मसुदा मीच केला. “सदरहू मिळकतीवरील माझा व माझ्या वारसांचा हक्क, वहिवाट व दावा कायमचा संपुष्टात.” असा मसुदा आता कचेरीत कुणाला जमत नाही. सगळे वाहवा म्हणाले. मला वाटलं, अध्यक्ष करतील. मानद सल्लागार केलं. सेवेकरी म्हणून कुमुदिनी.

२२ फेब्रुवारी २०११
देवळामुळे लाइट आली, नळ आला, रस्ता झाला. मास्तरांच्या प्लॉटला गिऱ्हाईकं नऊ लाख देतायत. मास्तर विकत नाहीत, घर बांधतायत. पेढे घेऊन आले. म्हणाले, तुमच्यामुळंच झालं, शामराव.
म्हणजे माझी थिअरी शंभर टक्के बरोबर होती. फक्त एक प्लॉट बाजूला.

४ एप्रिल, पाडवा
कुमुदिनी खोलीत राहायला गेली. दोन पातेली, गादी, मिक्सर. खोलीला पायरी नाही. कमिटीचा नियम: दिवे लागल्यावर आवारात पुरुषाने थांबायचं नाही. सल्लागारानेसुद्धा. नियमाची भाषा माझीच आहे, मीच लिहून दिली होती.
घरी चहाची साखर सापडेना. एकोणीस पायऱ्या उतरून विचारायला गेलो. सणाची गर्दी. चपला बाहेर काढायला लावल्या, लाइनीत उभं केलं. माझ्याच प्लॉटवर माझा नंबर सत्तेचाळीसावा.
नंबर आला. तिने माझ्या कपाळाला हळद लावली. मग हळूच म्हणाली, वरवंटा मी पहिल्याच दिवशी ओळखला. लसणाचा वास गेला नव्हता. मी म्हटलं, मग बोलली काऊन नाहीस? म्हणाली, सव्वीस वर्षं तुमाले घर मागून राह्यली होती. मायपाशी एकदाच मागितलं.
साखर कुठे आहे ते विचारायचं राहिलं. मागे लाइन होती. पुढे सरका म्हणाली. सरकलो.